पहिल्या बाराला शेजारी कोण?

मला गप्प बसायचा पगार मिळत नव्हता, म्हणून मी गप्प बसले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सौदीतल्या ताइफमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांचं म्हणणं असं की इस्मतच्या जिभेमुळे तिच्या नवऱ्याची नोकरी जायची वेळ आली. साफ खोटं आहे. नोकरी धोक्यात आली ती बंदुकीच्या एका चापामुळे, आणि तो बसवायला मी सांगितलं नव्हतं.

आमच्या जमालुद्दीनला मी अरे-तुरे करते. तो मिसरूडही न फुटलेला असताना माझ्या बापाच्या हाताखाली बंदुका दुरुस्त करायला शिकायला आला, तेव्हापासूनची ही सवय. सासूबाईंनी ती मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला. दापोलीकडच्या आमच्या गावात तेव्हा बऱ्याच घरांत ठासणीची बंदूक असे. डुकरं आणि वानरं शेतात शिरू नयेत म्हणून सरकारने तिचा परवाना दिलेला असायचा. नळीत दारू ठासायची, एक बार काढायचा, की पुन्हा ठासत बसायचं. या बंदुका कधीकधी फुटायच्या. म्हणून बापाचा एक रिवाज होता. दुरुस्त केलेल्या बंदुकीचा पहिला बार गिऱ्हाइकाने काढायचा, आणि दुरुस्त करणाऱ्याने त्या वेळी त्याच्या शेजारी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. फुटली तर दोघांवर फुटेल. ज्याला उभं राहायची भीती वाटते त्याने कानस खाली ठेवावी आणि मासे विकावेत, असं बाप म्हणायचा.

जमालने हा रिवाज ताइफला नेला. तिथे अबू तुर्की यांच्या दुकानात तो कामाला होता. हेच आमचे कफील, म्हणजे जामीनदार; आमचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, सगळं त्यांच्या सहीवर. पुढे दुकानात तंबू, विजेऱ्या, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या. मागे शिकारीच्या रायफली दुरुस्त करायचं परवानाधारक वर्कशॉप. अबू तुर्कींना पहिल्या बाराचा रिवाज इतका आवडला की त्यांनी तो आपलाच करून टाकला. गिऱ्हाईक आलं की कहवा पुढे करत म्हणायचे, ‘आमच्या दुकानाची रायफल आहे. पहिला बार काढाल तेव्हा आमचा माणूस तुमच्या शेजारी उभा राहील.’ आमचा माणूस म्हणजे जमाल. वर्षानुवर्षं तो असा उभा राहिला. थंडीत, धुक्यात, नवख्या पोरांशेजारी, हात कापणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारी. घरी आला की कान चोळत जेवायला बसायचा.

मग सौदीकरणाचे, परक्यांच्या नोकऱ्या सौदींना द्यायचे दिवस आले. आधी मोबाइलची दुकानं, मग कपड्यांची, मग आणखी कसली कसली. रोज एक नवी बातमी. शराफिया मोहल्ल्यातल्या ओळखीच्या वहाबमामांनी एवढं जुनं दुकान गुंडाळलं आणि ते चिपळूणला गेले. आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं रिकामी झाली. जमालच्या वर्कशॉपलाही फर्मान आलं की जबाबदार तंत्रज्ञ सौदीच हवा. अबू तुर्कींनी लगेच आपल्या भाचीचं नाव लावलं. मुनीरा तिचं नाव. कागदावर नाव लावायचं, पगार घरपोच करायचा, आणि पोरीने घरी बसायचं, असा प्रकार तेव्हा सर्रास चालायचा. अबू तुर्कींचा हिशोब तोच होता.

पण मुनीरा पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये हजर झाली. मामा म्हणाले, घरी जा. ती म्हणाली, नाव माझं आहे तर काम मला यायला हवं.

आता पंचाईत अशी की बंद दाराआड परका पुरुष आणि तरणी मुलगी एकत्र कशी काम करणार? अबू तुर्कींनी डोकं लढवलं आणि मला बोलावणं पाठवलं. मी नुसतं कोपऱ्यात बसायचं. माझा इकामा नवऱ्यावर अवलंबून, त्यामुळे मला काम करायची परवानगीच नाही. हात मांडीवर ठेवून बसले तर कायद्याला काही हरकत नव्हती. मी अबाया घातला, विणकाम घेतलं आणि जाऊन बसले. समोर माझा नवरा त्याला काढून टाकायला आलेल्या पोरीला शिकवत होता. ते पण किती मनापासून! मला इतका राग आला की टाके चुकले.

रात्री जेवताना मी म्हटलं, “एवढं सगळं शिकवतोस कशाला? शिकली की तुला घरी पाठवतील.”

“शिकायला आलेल्याला अर्धं शिकवायचं होय? तुज्या बापाने मना अर्धं शिकवलान काय?”

“माज्या बापाला तू हाकलणार नव्हतास.”

“लग्न तर केलंच ना त्याच्या पोरीशी. त्यापेक्षा काय वाईट करणार होतो?” असं म्हणून हा माणूस खुशाल आमटी ओरपत बसला.

मुनीरा मला उम्म उमैर म्हणायची, उमैरची आई. आमचा उमैर रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. जमालची सगळी भीती त्या पोराभोवती फिरायची. इकाम्याची मुदत संपत आली होती, आणि अजून एक वर्ष मिळालं की पोरगं मार्गी लागेल, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी तो अबू तुर्कींपुढे मान खाली घालून वागायचा. मला ते बघवत नसे.

त्यात शेख मुतलक यांचं काम आलं. ताइफजवळच्या शफाच्या डोंगरावर त्यांची गुलाबाची मोठी बाग होती. बागेत रियाधचे पाहुणे यायचे आणि त्यांच्या करमणुकीला नेमबाजीचा खेळ ठेवायचा, असा शेखांचा बेत. रायफली त्यांच्याकडे होत्या, छोट्या गोळीच्या सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण नळीत येऊन बसते; प्रत्येक वेळी चाप तेवढा ओढायचा. शेखांची तक्रार अशी की कंपनीचे चाप फार जड आहेत, पाहुण्यांच्या मऊ बोटांना त्रास होतो. बाजारात हलके चाप मिळतात, ते बसवून द्या. अबू तुर्कींनी कुठूनतरी स्वस्तात मागवले. निळ्या रंगाचे, चकचकीत, खेळण्यातले वाटावेत असे.

मुनीराने ते बघितले आणि ती खूश झाली. इंटरनेटवर तिने सगळं बघून ठेवलं होतं. मला म्हणाली, “उम्म उमैर, सगळे नेमबाज कंपनीचा ट्रिगर काढूनच टाकतात. जड ट्रिगर ओढताना नळी हलते आणि नेम चुकतो. कंपन्या कोर्टाला घाबरतात म्हणून जड देतात.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. माझ्या बापाने एका निवृत्त सुभेदाराच्या रायफलीला असा हलका चाप करून दिलेला मी पाहिलाय. सुभेदार लांबच्या माडावरचा नारळ देठातून पाडायचा. पण तो सुभेदार होता. त्याचं बोट त्याच्या हुकमात होतं. “बाई, चाप हलका की जड हा प्रश्न नाही. तो ओढणार कोण हा प्रश्न आहे. रियाधहून आलेला, जन्मात रायफल न धरलेला माणूस पहिल्या आवाजाला दचकला की बोट आवळणार. जड चाप त्याला माफ करतो. हा करणार नाही.”

ती हसली. “तुम्ही ठासणीच्या बंदुकीत अडकलात.”

मला राग आला, पण पोरीला तोंड होतं म्हणून आवडलीही. जमालने एका रायफलीला नवा चाप बसवला आणि आम्ही तिघं दुकानामागच्या वाळूच्या पोत्यांच्या भिंतीपाशी गेलो. पहिला बार मुनीरा काढणार होती. तिच्या खांद्याला खांदा लावून जमाल कसा उभा राहणार? म्हणून मी उभी राहिले. हातात हत्यार नव्हतं की कामही नव्हतं. उभं राहायला परवाना लागत नाही.

तिने नेम धरला, श्वास सोडला आणि चाप ओढला. आवाज झाला. ती दचकली, आणि लगेच दुसरा आवाज झाला, जो तिला काढायचाच नव्हता. पहिली गोळी पोत्यात गेली. दुसरी भिंतीवरून पलीकडच्या माळावर गेली. जमालने पुढे होऊन रायफल तिच्या हातातून घेतली आणि रिकामी केली. मुनीरा आधी हसली, मग तिथेच जमिनीवर बसली आणि तिने विचारलं, “पलीकडे कुणी होतं का?”

नव्हतं. अल्लाची मेहेरबानी, त्या दिवशी तिथे बकऱ्यासुद्धा चरत नव्हत्या. पण तिचे ओठ पांढरे पडले होते ते मी पाहिलं. पोरगी शहाणी होती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सरळ मामाकडे गेली आणि म्हणाली, हे चाप पाहुण्यांच्या हातात द्यायचे नाहीत.

अबू तुर्कींनी ऐकून घेतलं आणि हात झटकला. “बाईचा हात होता म्हणून झालं. पाहुणे पुरुष आहेत.” मग जमालकडे वळून म्हणाले, “सगळ्यांना बसव. शेख जुने गिऱ्हाईक आहेत. आणि तुझा इकामा माझ्या टेबलावर पडलाय, हे लक्षात ठेव.”

जमालने चाप बसवले. सगळ्या रायफलींना. मी घरी भांडले, भांडी आपटली, जेवण वाढलं नाही. तो म्हणाला, “एकच वर्ष गो. उमैरचं होऊन जाऊदे.” मी म्हटलं, “आणि शफाला जाऊन त्या रियाधवाल्याच्या शेजारी तू उभा राहणार?” तो म्हणाला, “रिवाज तुज्या बापाचा हाय. मी काय करू?” बापाचा रिवाज वाईट कारागिरीला आळा घालायला होता. नवऱ्याला कामाची खात्री नसताना, मालकाच्या हुकमाने, पोराच्या फीसाठी नळीशेजारी उभं करायला नव्हता. माझा बाप जिवंत असता तर त्याने अबू तुर्कींच्या डोक्यात ठासणीचा गज घातला असता.

शफाला आम्ही चौघं गाडीतून गेलो. पुढे अबू तुर्की आणि जमाल, मागे मुनीरा आणि मी. वाटेत कठड्यावर बसलेली माकडं गाडीकडे बघून दात विचकत होती. बागेत गुलाबांची तोड संपली होती. एका बाजूला गालिचे अंथरले होते, कहवा फिरत होता, पाहुणे मोबाइलवर फोटो काढत होते. त्यांची मुलं इकडून तिकडे धावत होती. रायफली मेजावर ओळीने मांडल्या होत्या आणि समोर दगडी बांधाला लावून लक्ष्यं उभी केली होती.

शेख मुतलकांनी आपल्या मेहुण्याला पुढे केलं. गोरा, गुबगुबीत, हसरा माणूस. त्याने रायफल उचलली ती बोट चापावर ठेवूनच. जमालने नरमपणे त्याचं बोट काढलं आणि बाजूला ठेवायला सांगितलं. त्याने ते पुन्हा चापावर ठेवलं. अबू तुर्की मोठ्या आवाजात सगळ्यांना रिवाज समजावून सांगू लागले, “आमच्या दुकानाची रायफल आहे. पहिल्या बाराला आमचा माणूस शेजारी उभा राहतो.”

जमाल पुढे सरकला. तेवढ्यात मुनीरा त्याच्या आधी जाऊन मेहुण्याच्या उजव्या हाताला उभी राहिली. हातभर अंतर ठेवून, अबाया सावरून, पाय रोवून.

“तू काय करतेस?” अबू तुर्कींनी विचारलं.

“जबाबदार तंत्रज्ञ मी आहे. सरकारकडे माझं नाव आहे. या रायफली ठीक आहेत असं माझ्या नावाने लिहून गेलंय. मग शेजारी मीच उभी राहणार ना?”

पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. परक्या पुरुषाच्या शेजारी मुलगी, म्हणजे आता मामा लाजेची गोष्ट काढणार असं मला वाटलं. ती गोष्ट त्यांना आठवलीच नाही. त्यांच्या तोंडून जे आलं ते वेगळंच होतं.

“वेडी झालीस का? गोळी लागली तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?”

त्यांनाही ऐकू आलं होतं आपण काय बोललो ते. मेहुण्याने रायफलीकडे पाहिलं आणि ती अंगापासून जरा लांब धरली. अबू तुर्कींनी घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मुनीरा, बाजूला हो. जमाल, तू ये. यल्ला.”

आणि जमाल निघाला! वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय. दोन पावलं टाकलीसुद्धा. तेव्हा माझा तोल सुटला. माझी अरबी स्वयंपाकघरातली आणि बाजारातली, पण त्या दिवशी ती कुठे अडली नाही.

“अबू तुर्की!” मी म्हटलं. “तिच्या आईला तोंड दाखवायची काळजी वाटते, आणि उमैरच्या आईला? मी ही इथे उभी आहे. मला दाखवा तोंड. नोकरी सौदी माणसाची करायची म्हणता, करा. हक्काने करा. पण मग नळीशेजारची जागासुद्धा सौदीच राहील. पगार तिचा आणि मरण माझ्या नवऱ्याचं, असं कुठल्या फर्मानात लिहिलंय ते वाचून दाखवा!”

एका बाईने धावणाऱ्या पोराला पकडून जवळ ओढलं. अबू तुर्कींचा चेहरा लालबुंद झाला. “जमाल, तुझ्या बायकोला आवर. आणि इथे ये. नाहीतर इकामा खलास.”

मी जमालकडे पाहिलं. मला वाटलं, जाईल. आयुष्यभर हा माणूस असाच गेला आहे. तो थांबला होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग हळू आवाजात म्हणाला, “हे चाप मी बसवलेत. ते कसे आहेत ते मला माहीत आहे. मी उभा राहणार नाही.”

“इकामा?”

“खलास करा.”

उमैरचं काय होणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या घटकेला मला त्याची पर्वाही नव्हती. इतका आनंद मला निकाहाच्या दिवशीही झाला नव्हता.

शेख मुतलक गालिच्यावरून उठले. त्यांनी मेहुण्याच्या हातातून रायफल घेतली, गोळ्या काढल्या आणि ती मेजावर ठेवली. म्हणाले, “जिच्याजवळ दुकानदार आपल्या घरची मुलगी उभी करू शकत नाही, ती रायफल माझ्या पाहुण्यांना नको. कंपनीचे चाप परत बसवून आणा. बसवता येत असतील तर.”

अबू तुर्कींनी मुनीराकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. “मला अजून नीट येत नाही, मामा. शिकवणाऱ्याला तुम्ही आत्ताच खलास केलंत.”

मग घरी परतलो. आमच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा अबू तुर्की समोर बघत म्हणाले, “जमाल, सकाळी ये. चाप बदलायचे आहेत.”

जमाल उतरला आणि खिडकीशी वाकला. मला वाटलं आता आभार मानतो की काय हा बावळट! तो म्हणाला, “बदलतो. पण शफाला शेजारी मी नाही. मुनीराही नाही. दुकान तुमचं आहे, तुम्ही उभे राहा.”

मामांनी गाडी काढली. इकाम्याचं एका वर्षाचं नूतनीकरण झालं, तेही मुनीराने मामाच्या टेबलाजवळ रोज जाऊन उभं राहून करवून घेतलं. मुनीरा तयार होईपर्यंत जमालने शिकवायचं आणि मग जायचं, असं ठरलं. जाऊ तेव्हा ताठ मानेने जाऊ, मी म्हटलं. या वेळी जमालने आमटी ओरपली नाही. “व्हय,” म्हणाला.

पुढच्या खेपेला शफाला आम्ही चौघं गेलो तेव्हा रायफलींना कंपनीचे जुने, काळे, जड चाप परत बसले होते. दुकानामागे मुनीराने त्यातल्या प्रत्येकीतून पुन्हा पुन्हा गोळ्या झाडून बघितल्या होत्या. भीतीचं काही कारण उरलं नव्हतं. तोच मेहुणा रायफल घेऊन उभा राहिला. अबू तुर्कींनी आपला पांढराशुभ्र, पायघोळ तोब नीट केला आणि ते त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला एवढ्या लांबून दिसत होता. मुनीरा ओठ आवळून बघत होती. मेहुण्याला चाप ओढायला बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ अबू तुर्की तिथे उभे होते.

बार झाला. एकच झाला. लक्ष्याच्या कडेला भोक पडलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अबू तुर्की हलले नाहीत. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.

जमाल त्यांच्याजवळ गेला आणि हलकेच म्हणाला, “उघडा, अबू तुर्की. शेजारी उभं राहायचं तर ते उघडे ठेवावे लागतात.”